रकाना क्रमांक सात

आमच्या मुख्य कचेरीला वर्षातून एकदा तरी शाखांचे भले करण्याची उबळ येते, आणि ही उबळ नेहमी छापील तक्त्याच्या रूपाने बाहेर पडते. एका पावसाळ्यात असाच एक तक्ता आरमोरीला येऊन पोचला. वर ठळक अक्षरांत 'पदमूल्यांकन प्रश्नावली' असे लिहिले होते. आमच्या साहेबांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "तुम्ही बी.कॉम. ना? मग हे तुमचंच."

मी बी.कॉम. आहे या गोष्टीचा बँकेत कुणाला उपयोग व्हावा, असा हा पहिलाच प्रसंग. तसा पगारापुरता उपयोग होतो, नाही असे नाही. २०२४ साली झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारात कारकुनाची श्रेणी २४,०५० रुपयांपासून सुरू होते. पण पदवीधराला दोन वेतनवाढी आगाऊ मिळतात, म्हणून तो एकदम २६,७३० वर उभा राहतो. आता गंमत अशी की नव्या भरतीला पदवीच लागते. त्यामुळे त्या २४,०५० च्या पायरीवर सहसा कोणी पायच ठेवत नाही. जुन्या वाड्याच्या जिन्याची पहिली पायरी जशी फक्त चपला काढण्यापुरती असते, तशीच ही. सगळेच पदवीधर, म्हणून सगळ्यांनाच पदवीधर असल्याबद्दल जादा. कुणापेक्षा जादा, हे विचारू नये.

असो. तक्ता घेऊन बसलो. त्यात शाखेतल्या प्रत्येक पदाची माहिती भरायची होती. माणसाची नव्हे, पदाची. हे खाली दोनदा अधोरेखित केले होते. पहिले सहा रकाने निरुपद्रवी निघाले. सातवा मात्र असा: 'या पदाचे काम करण्यासाठी आवश्यक किमान शैक्षणिक अर्हता.' शाखाव्यवस्थापक, पदवी. रोखपाल, पदवी. कारकून, पदवी, इथे जरा वळणदार अक्षर काढले. मग 'दफ्तरी' आला आणि पेन अडले.

दफ्तरी म्हणजे काय हे बँकेबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. दिवसभराची व्हाउचरे जुळवायची, दाभण-सुतळीने शिवायची, गठ्ठ्यावर तारीख घालून अभिलेख-खोलीत अशी ठेवायची की पुन्हा सापडतील. खातेवह्या गेल्या, संगणक आले, पण कागद काही गेले नाहीत. आमच्या शाखेतले दफ्तरीमामा आठवीतून शाळा सोडलेले. ऑडिटर येतो आणि अमुक साली अमुक महिन्यात भरलेली चलनाची पावती मागतो. मामा खोलीत जातात, आणि ऑडिटरच्या कपातला चहा अर्धा व्हायच्या आत ती पावती टेबलावर असते. संगणकाला विचारले तर तो आधी पासवर्ड मागतो.

शिवाय मामांना माणसे ओळखता येतात. एकदा पगारदिनाच्या गर्दीत एक म्हातारी अंगठा द्यायला आली. पासबुक बरोबर, फोटो बराचसा बरोबर, मी पैसे मोजायला घेतले. मामा मागून हळूच म्हणाले, "बाबूसाहेब, हे ते बाई नोहोय जी. हे तिची बहीन आहे." खरी बाई घरी तापाने पडली होती आणि बहीण भाबडेपणाने आली होती. फसवायचा हेतू नव्हता. पण मेमो मला मिळाला असता. कुरखेडा-धानोऱ्याकडून कधी एखादे गोंडी बोलणारे कुटुंब आले, तर आमची सगळी पदवीधर मंडळी हातवारे करू लागतात. मामा दोन वाक्ये बोलतात आणि तो माणूस हसतो. हे सगळे सातव्या रकान्यात कोणत्या इयत्तेखाली लिहायचे?

त्या रात्री मी या रकान्याचे मूळ शोधायला बसलो. इतिहास हा माझा विषय नव्हे. आमच्या वाणिज्य शाखेत भूतकाळ म्हणजे मागील शिल्लक. पण म्हटले, जो रकाना मला भरायचा आहे तो पहिल्यांदा आखला कुणी, ते तरी कळू द्या.

फार मागे जायचे तर आमच्याच भागात रकान्याशिवाय मोठमोठी कामे झालेली दिसतात. पूर्व विदर्भातली तळी घ्या. आता त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. परगावचा माणूस विचारतो, कुणाचे मामा? कुणाचेच नाहीत, 'माजी मालगुजारी' या सरकारी शब्दांची ती आद्याक्षरे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तळ्यांना मामा मिळाले. ही तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, खालच्या धानाला पाणी किती दिवस पुरेल, हे सगळे डोळ्याने. चांद्याचे गोंड राजे जंगल तोडून, तळे बांधून वस्ती करणाऱ्याला जमीन देत. त्या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, तिथले प्लॉटचे भाव ऐकले की राजांच्या औदार्याची कल्पना येते. पण राजाने कोहळ्याला दाखला मागितल्याचे काही दिसत नाही. अट एकच: तळ्यात पाणी थांबले पाहिजे. परीक्षा पहिल्या पावसाळ्यात आणि निकाल दिवाळीच्या आत. पुनर्मूल्यांकनाची सोय नाही.

रकाना आखला तो गव्हर्नर जनरल हार्डिंग साहेबांनी, १८४४ च्या ऑक्टोबरात. सरकारी नोकरी देताना शाळा-कॉलेजांतून चांगले शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे, असा ठराव त्यांनी काढला. हे ठीकच. पण पुढे त्यांनी असेही म्हटले की अगदी खालच्या जागेसाठीसुद्धा लिहिता-वाचता येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा आधी घ्यावा. म्हणजे काम दिवाबत्तीचे असले तरी चालेल, उमेदवाराला 'दिवा' हा शब्द लिहिता आला पाहिजे. हेतू वाईट नव्हता. नोकरीचे गाजर दिसल्याशिवाय लोक मुलांना शाळेत घालणार नाहीत, असा तो हिशेब. तो इतका बरोबर ठरला की पुढे लोक गाजरासाठीच शाळेत जाऊ लागले.

दहा वर्षांनी, १८५४ साली, दोन गोष्टी एकदम झाल्या. नागपूरचे राज्य खालसा होऊन आमचा चांदा इंग्रजांकडे गेला, आणि तिकडे विलायतेत मेकॉले साहेबांच्या समितीने हिंदुस्थानात पाठवायचे अधिकारी परीक्षा घेऊन निवडायचे ठरवले. या परीक्षेच्या गुणांचा तक्ता पाहून माझ्यातला कारकून खूश झाला. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, संस्कृत ३७५, अरबी ३७५. वैनगंगेच्या काठी धानाचा सारा ठरवायला जो येणार, त्याला ग्रीक यावे म्हणून ७५० गुण. मराठी-गोंडी निवड झाल्यावर वा नशिबात असेल तर. समितीचे म्हणणे असे की, जो माणूस विशीत ग्रीक नीट शिकला तो पुढे काहीही नीट शिकेल. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आज आमच्या बँकेच्या परीक्षेत पाच मित्र गोल टेबलाभोवती कोण कुणाच्या डावीकडे बसले आहेत हे ओळखायला लावतात, तेही याच श्रद्धेने. माझ्या आयुष्यात एकदाही गिऱ्हाईक गोल टेबलाभोवती बसले नाही.

मग मुंबई विद्यापीठ आले १८५७ ला, पहिली मॅट्रिक १८५९ ला, आणि पहिले बी.ए. १८६२ ला. त्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते. पहिल्या घाण्यालाच असा माल निघाला म्हटल्यावर पदवी या वस्तूबद्दल लोकांचा जो समज झाला, तो दीडशे वर्षे उतरला नाही. आपण आजही बी.ए. म्हटले की मनात कुठेतरी रानडे धरतो आणि प्रत्यक्षात आमच्यासारखा कुणीतरी येतो.

या सगळ्यात जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते मी दोनदा वाचले. सरकार सगळा पैसा वरच्या शिक्षणावर घालते आणि त्यातून नोकरदार तयार होतात, शेतकऱ्याच्या पोराला काय, असा त्यांचा रोकडा सवाल. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे याची त्यांनी यादीच दिली: मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे चार धडे. यादी वाचताना लक्षात आले की त्यांनी रकाना उलट्या बाजूने भरला आहे. आधी माणसाला करायचे काम काय ते पाहिले आणि मग त्याला शिक्षण कोणते लागेल ते. आमची मुख्य कचेरी 'पदाची माहिती द्या, माणसाची नको' असे दोनदा अधोरेखित करते, तेव्हा तिला तरी दुसरे काय हवे असते?

हे उलटे गणित शास्त्र म्हणून मांडले अमेरिकनांनी. १९३० च्या दशकात तिथल्या विजेचे सामान बनवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने कामांना गुण देण्याची पद्धत काढली. मला ती इतकी आवडली की मी रात्री साडेअकरापर्यंत घरातल्या सगळ्यांना गुण देत बसलो. एकूण गुण ५००. त्यात शिक्षणाला कमीत कमी १४ आणि जास्तीत जास्त ७०. अनुभवाला २२ ते ११०. स्वतःच्या अकलेने निर्णय घेण्याला पुन्हा १४ ते ७०. मग अंगमेहनत, जबाबदारी, कामाची जागा, धोका वगैरे. म्हणजे ज्या देशाकडे बघून आपण पदव्या गोळा करतो, त्या देशातल्या कारखानदारांनी शिक्षणाला पाचशेपैकी सत्तरच्या वर जाऊच दिले नव्हते.

आधी माझे गुण काढले. शिक्षण: पदवी, चला ५६. काउंटरचे काम नवा माणूस वर्षाच्या आत शिकतो, तेव्हा अनुभव ४४. स्वतःची अक्कल: बँकेत स्वतःची अक्कल चालवणाऱ्याची चौकशी होते, म्हणून १४. बेरीज ११४. बरे वाटले. मग नियम पुन्हा वाचला. शिक्षणाचे गुण माणसाकडे किती आहे याचे नसून कामाला किती लागते याचे. काउंटरवर मी काय करतो? बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, आणि सर्व्हर डाऊन असल्याचे नम्रपणे सांगणे. २८ गुण दिले, तेही आपलाच माणूस म्हणून. बेरीज ८६.

मग दफ्तरीमामांच्या घरचा धंदा घेतला. त्यांचे घर नदीकडचे, कोसा पाळणारे. आमच्या भागात टसरचा किडा ऐनाच्या नाही तर अर्जुनाच्या झाडावर वाढवतात. आरमोरी त्यासाठी ठाऊक असलेले गाव. झाडावर किडे सोडले की दिवसरात्र राखण. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्याशी गुलेल घेऊन लढाई. किडा चारदा कात टाकतो. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही, आणि ती वेळ आली हे त्याच्या मान वर करून बसण्यावरून ओळखायचे. एका झाडाचा पाला संपत आला की फांदीसकट किडे दुसऱ्यावर न्यायचे, पण केव्हा, हे कुठल्या पुस्तकात बघायला वेळ नसतो. शिक्षण १४. अनुभव ११०. स्वतःची अक्कल ७०. बेरीज १९४.

"काय एवढं मोजताय?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी बेरजा दाखवल्या. त्या माझ्या ८६ कडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दाखवायला आला होतात तेव्हा हे नव्हतं सांगितलंत."

अमेरिकेत हे प्रकरण पुढे कोर्टात गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या डॅन रिव्हर केंद्रात ९५ कामगार होते, त्यांतले १४ कृष्णवर्णीय. हे १४ जण मजूर खात्यात, सगळ्यांत कमी पगारावर. १९५५ साली कंपनीने नियम केला की मजूर खाते सोडून कुठेही घ्यायचे तर शाळेचा शेवटचा दाखला हवा. दाखला कुणाकडे असायचा आणि कुणाकडे नसायचा, हे त्या काळच्या तिथल्या शाळा बघता उघड होते. पण नियमाआधी लागलेले बिनदाखल्याचे गोरे कामगार त्याच खात्यांत कोळसा हाताळत होते, बॉयलर सांभाळत होते, आणि त्यांचे काम व्यवस्थित चालले होते. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की दाखल्याचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, आणि त्या अटीने एका समाजाचेच लोक बाहेर पडत असतील, तर ती अट बेकायदा. मालकाचा हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्न न्यायालयाने बाजूलाच ठेवला.

आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, काही निवडक क्षेत्रांत तरी नोकरी आणि पदवी यांची फारकत करायला सुरुवात करू, असे लिहिले गेले. फारकत झाली नाही. उलट २००८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या सहाव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या चतुर्थ श्रेणीला तिसरीत चढवले आणि भरतीची अट दहावी किंवा आयटीआय केली. आधीच्या बिनदहावीवाल्यांना प्रशिक्षण देऊन वर घ्यायचे ठरले, म्हणजे तशी माणुसकीची सोय होती. मग २०१५ साली उत्तर प्रदेशच्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. अट: पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. अर्ज आले २३ लाख, त्यांत २५५ जण पीएच.डी. झालेले. त्यांच्यापैकी किती जणांना सायकल येत होती ते छापून आले नाही.

पण अशा अटीला उलटे टोकही असते. आमच्या बँकांत शिपायाच्या जागेला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते: बारावी झालेला चालेल, पदवीधर चालणार नाही. पदवीधर शिपाई वर्षभरात बदलीची, परीक्षेची, दुसऱ्या नोकरीची वाट बघू लागतो, आणि ज्याला दुसरी वाट नाही त्याची जागा अडते, असे तिचे कारण. कारण खोटे म्हणवत नाही. पण ही अट पहिल्यांदा मला नीट समजली ती दफ्तरीमामांच्या पोरामुळे.

हा पोरगा गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून बी.ए. झाला. २०११ साली हे विद्यापीठ निघाले नसते तर त्याला नागपूरच्या नावाची पदवी मिळाली असती, एवढाच फरक. त्याला बी.ए. कर म्हणून सांगणारा मी. बारावीला बरे गुण पडले होते, मामा विचारायला आले होते, "आता कामाले लावू का शिकवू जी?" मी काउंटरवरूनच, हातातल्या नोटा न थांबवता सांगितले होते, "शिकवा मामा. शिकलेलं वाया जात नाही." तीन वर्षांनी शिपायाच्या जागा निघाल्या आणि मामा जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाबूसाहेब, पोराचं बी.ए. फारमात लिवू नोको काय जी?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"बारावीच लिवतो. बी.ए. घरीच ठेवतो. कोनाले दिसते?"

माणसे नसलेली पदवी आहे म्हणून लिहितात, ते ऐकले होते. पूर्वी तर पाटीवर 'मॅट्रिक फेल' असे अभिमानाने रंगवीत. असलेली पदवी नाही म्हणून लिहू का, असे विचारणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांना मी ओडिशातली हकिगत सांगितली. तिथे एका मुलाने सरकारी बँकेतल्या शिपायाच्या अर्जात नेमके हेच केले, निवडही झाली, आणि मग पदवी सापडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कोणत्या पदाला किती शिक्षण हवे हे ठरवणे मालकाचे काम, आणि माहिती लपवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. मामांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे शिकला म्हनून गेला."

मी म्हटले, "वनरक्षकाचा फॉर्म भरू द्या. तिथे बारावी चालते, वर असलं तरी हरकत नसते."

"थो भरला जी. धावन्यात रायला."

पोरगा आता उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी असतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. बायाबापड्यांनी आणलेले पुडे मोजायचे आणि वहीत मांडायचे. हंगाम थोड्या दिवसांचा. एकदा मी त्या बाजूने गेलो होतो तर त्याने वही दाखवली. इतकी स्वच्छ मांडणी मी बी.कॉम.च्या प्रात्यक्षिक वहीतही केली नव्हती. उरलेल्या वर्षात तो बापाच्या कोशाच्या झाडांवर राखण करतो, म्हणजे माझ्या हिशेबाप्रमाणे १९४ गुणांच्या कामावर. पण पगार गुणांवर नसतो.

तर असा हा रकाना. दुसऱ्या दिवशी मी दफ्तरी या पदापुढे लिहिले: 'अक्षरओळख, गोंडी, आणि माणूस ओळखता येणे.' साहेबांनी न वाचता सही केली. ते त्यांचे मोठेपण. तीन आठवड्यांनी तक्ता परत आला. रकाना क्रमांक सातभोवती लाल वर्तुळ आणि शेजारी शेरा: 'अर्हता मान्यताप्राप्त मंडळाची असावी. इयत्ता नमूद करून त्वरित परत पाठवावे.'

साहेब म्हणाले, "अहो, दहावी लिहून टाका ना. सगळीकडे दहावीच आहे."

मी दहावी लिहिले. कुणी म्हणेल, आठवी का नाही लिहिले? लिहिणार होतो. पण मग पुन्हा लाल वर्तुळ, पुन्हा साहेबांची सही, आणि माझी रजा मंजुरीला पडली होती. इतिहास कुणी का घडवेना, त्याची नक्कल करणारा कारकून कुठल्या मनःस्थितीत असतो हे मला त्या दिवशी कळले.

मूळ प्रत रजिस्टर टपालाने पाठवायची होती. मामा पाकीट घ्यायला आले. बाहेर पाऊस लागला होता. त्यांनी पाकिटाची कड डिंकाने चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि सहज विचारावे तसे विचारले, "माह्या जागेले किती लिवलं जी?"

"दहावी," मी म्हणालो.

मामांनी थोडा विचार केला. "मंग मले तं घेतलंच नसतं म्हना."

आणि हसले. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी सदऱ्याच्या आत, छत्री उघडली आणि पायरीवरून वळून म्हणाले, "पावती आनतो जी. फाइलीले लावावी लागते."